शक्ती सदन

मानवी तस्करीतून सुटलेल्या, तसंच निराधार किंवा अडचणीत सापडलेल्या बायकांना राहायला आणि सावरायला सरकारी पैशावर चालणारं घर म्हणजे शक्ती सदन. केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या योजनेत 'सामर्थ्य' नावाचा भाग आहे, त्यात २०२२ पासून हे येतं. आधी दोन योजना वेगवेगळ्या होत्या, तस्करीसाठी उज्ज्वला (डिसेंबर २००७ ची, गॅसवाली नव्हे, ती २०१६ ची) आणि निराधार बायकांसाठी स्वाधार गृह, त्या दोन्ही एकत्र केल्या. अठराखालच्या मुलींचं वेगळं, त्या बालकल्याण समितीकडे जातात.

खर्चात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०, ईशान्येत आणि काही डोंगरी राज्यांत ९०-१०. यातून जेवण, कपडे, औषधं, समुपदेशन, कोर्टकचेरी, ट्रेनिंग असं सगळं भागवायचं. बऱ्याच ठिकाणी घर एनजीओ चालवते, आणि अनुदान हप्त्याने येतं, म्हणजे आधीच्या खर्चाचा हिशोब दिला की पुढचा हप्ता, आणि तो लांबला तरी किराणावाला आणि घरमालक थोडेच थांबतात.

आता खरी गोम. पैसा मुख्यतः घराला मिळतो, बाईला नाही. राहणाऱ्या बाईच्या नावाने बँक खातं उघडून केंद्र महिना ५०० रुपये टाकतं आणि ते व्याजासकट बाहेर पडताना तिला मिळतात, म्हणजे दोन वर्षं राहिली तर हातात साधारण १२ हजार, आणि मुंबई-पुण्यात एका खोलीचं डिपॉझिटसुद्धा त्यात होत नाही.

शिवाय प्रत्येक जण राजीखुशीनेच घरात राहते असंही नाही. वेश्याव्यवसायावरच्या धाडीत सोडवलेल्या बाईला १९५६ च्या अनैतिक व्यापार कायद्याच्या कलम १७ खाली मॅजिस्ट्रेट एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतो, सज्ञान असली तरी. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलं की अशा गृहांची पाहणी करा आणि मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांच्या सुटकेचं बघा.

थेट बाईच्या हातात पैसे देणारी वाट दुसरीकडे आहे, वेठबिगार पुनर्वसन योजनेत. २०१६ पासून तिथे पुरुषाला १ लाख, बाई किंवा मुलाला २ लाख आणि तस्करी, लैंगिक शोषण असल्या गंभीर केसमध्ये ३ लाख रुपये ठरलेत. पालघर-रायगडकडे वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर अडकलेल्या कातकरी कुटुंबांना हीच लागू पडते. पण आधी प्रशासनाकडून मुक्तीचा दाखला हवा, आणि पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडलेली, तोवर फक्त तातडीची मदत, ती सुरुवातीला २० हजारांपर्यंत होती, पुढे ३० हजार केली. याशिवाय गुन्ह्यातल्या पीडितांची नुकसानभरपाई म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्याला शिक्षेची अट नाही, आरोपी सापडला नसला तरी चालतं.