सलगीची हाक आणि पायरी दाखवणारी हाक

नागपुरात दोन मित्र एकमेकांना ‘का बे’ म्हणतात तेव्हा त्यात कोणालाच अपमान दिसत नाही. मात्र इतवारीतला तरुण व्यापारी पन्नाशीच्या हमालाला ‘ए, इकडे ये बे’ म्हणतो आणि हमाल त्याला ‘शेठजी’ म्हणत राहतो, तेव्हा शब्द तोच असला तरी ती सलगी उरत नाही. सलगीची हाक दोन्ही बाजूंनी चालते. पायरी दाखवणारी हाक एकाच बाजूने येते आणि तिची परतफेड करण्याची मुभा दुसऱ्याला नसते.

दोन बाजूंच्या मध्ये वंश आला की हा फरक अधिक बोचतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोरे लोक कृष्णवर्णीय प्रौढ पुरुषाला ‘बॉय’ आणि वृद्धांना ‘अंकल’, ‘आंटी’ म्हणत. आपल्याकडे काका, मावशी म्हटल्याने मान वाढतो, त्यामुळे यातला डंख आपल्याला चटकन जाणवत नाही. तेथे मात्र ‘मिस्टर’, ‘मिसेस’ म्हणायचे टाळण्याची ती रीत होती. १९६३ साली अलाबामातील एका न्यायालयात मेरी हॅमिल्टन या कृष्णवर्णीय कार्यकर्तीला सरकारी वकिलाने ‘मेरी’ असे संबोधले. ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असे तिने सांगितले, म्हणून न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला पाच दिवसांचा तुरुंगवास आणि पन्नास डॉलर दंड झाला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, आणि माझ्या मते या विषयावर याहून स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणार नाही. पुढे २००६ साली त्याच न्यायालयाने म्हटले की, ‘बॉय’ला वंशवाचक विशेषण जोडलेले नसले, तरी तो शब्द नेहमीच निरुपद्रवी ठरत नाही, संदर्भ, आवाजाचा सूर, स्थानिक रूढी आणि पूर्वापार वापर यांवर त्याचा अर्थ अवलंबून असतो.

म्हणून आफ्रिकेतून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला पानठेल्यावर ‘ए कालू’ म्हणून वर ‘मनात काही नव्हतं’ असे सांगणे पुरेसे नाही, कारण त्याला त्याच सुरात उलट हाक मारता येत नाही. नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या एखाद्या कंपनीत परदेशी साहेबालाही सगळे पहिल्या नावाने हाक मारत असतील, तर ती सलगीच आहे. फक्त त्याच कार्यालयातल्या आफ्रिकी सहकाऱ्याचे नाव, त्याने स्वतः सांगितलेले, सगळ्यांना ठाऊक असायला हवे.