दूरस्थ क्वासारांच्या यजमान दीर्घिका

दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरात वायू ओढला जाताना तापून उजळतो. या झगझगीत गाभ्याला क्वासार म्हणतात आणि तो जिच्या पोटात असतो ती त्याची यजमान दीर्घिका. मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ३सी २७३ या क्वासारची ताम्रसृती ०.१५८ असल्याचे ओळखले. (ताम्रसृती म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाश किती ताणला गेला याचे माप; ती जितकी जास्त, तितका प्रकाश दूरचा आणि जुना.) ३सी ४८ भोवतीच्या अंधूक वलयातील प्रकाश ताऱ्यांचाच आहे, हे वर्णपटावरून सिद्ध व्हायला मात्र १९८२ उजाडले. हे दोन्ही क्वासार त्या मानाने जवळचे. विश्व शंभर कोटी वर्षांचेही नव्हते त्या काळातील, म्हणजे ६ पेक्षा जास्त ताम्रसृतीच्या क्वासारांची यजमान दीर्घिका पाहणे ही वेगळीच गोष्ट.

गाभ्याचे तेज दीर्घिकेतील सगळ्या ताऱ्यांना झाकून टाकते, ही पहिली अडचण. पण एकमेव नव्हे. ताम्रसृती ६.४ असेल, तर ताऱ्यांचा दृश्य प्रकाश ताणला जाऊन ३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पलीकडे, अवरक्त पट्ट्यात पोचतो. हबल दुर्बिणीची मजल १.७ मायक्रॉनपर्यंतच. तिला दिसू शकत होता तो केवळ तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश, आणि तोही धुळीत शोषला जातो. जे११४८+५२५१ या क्वासारवर हबल रोखूनही दीर्घिका हाती लागली नाही. रेडिओ आणि मिलिमीटर तरंगांवर गाभ्याचा अडथळा नसतो. त्यामुळे याच क्वासारभोवतीचा कार्बन मोनॉक्साइड वायू २००३ मध्येच सापडला होता. पुढे चिलीमधील आल्मा या मिलिमीटर तरंगांच्या दुर्बिणींनी कार्बनच्या १५८ मायक्रॉन रेषेवरून अशा कित्येक दीर्घिकांतील वायूची गती मोजली. त्यातून एकूण वस्तुमानाचा अंदाज येतो, तारे दिसत नाहीत.

ते दिसले २०२३ मध्ये. शुएहेंग डिंग, मासाफुसा ओनोए, जॉन सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी जेम्स वेब दुर्बिणीसाठी निवडलेले दोन क्वासार मुद्दाम मंद तेजाचे होते. या यशात आरशाच्या आकाराइतकाच वाटा या निवडीचा आहे. हवाईमधील सुबारू दुर्बिणीच्या सर्वेक्षणात सापडलेले हे क्वासार म्हणजे जे२२३६+००३२ (ताम्रसृती ६.४०) आणि जे२२५५+०२५१ (६.३४). १.५ आणि ३.५६ मायक्रॉनला प्रतिमा घेतल्या. त्याच चित्रांतील साध्या ताऱ्यांवरून दुर्बिणीत प्रकाशबिंदू कसा पसरतो ते ठरवले आणि तेवढा प्रकाश क्वासारच्या जागी वजा केला. उरली ती दीर्घिका. सगळी कसोटी या वजाबाकीची: बिंदूचा पसारा जरा चुकला, तर उरलेला डाग दीर्घिका आहे की गणिताची चूक, ते सांगता येत नाही.

पहिलीतील ताऱ्यांचे वस्तुमान सुमारे १३,००० कोटी सूर्यांइतके आणि कृष्णविवराचे १४० कोटी. दुसरीत हेच आकडे ३,४०० कोटी आणि २० कोटी. म्हणजे कृष्णविवर ताऱ्यांच्या एक टक्क्याच्या आसपास. आजच्या दीर्घिकांत हे प्रमाण सहसा याहून कमी असते. वेबनेच पाहिलेल्या अधिक तेजस्वी क्वासारांत, उदाहरणार्थ ७.०८ ताम्रसृतीच्या जे११२०+०६४१ मध्ये, ते बरेच जास्त निघाले. यावरून कृष्णविवरे दीर्घिकांच्या आधी वाढली असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. तेजस्वी क्वासार आधी नजरेत भरतात आणि त्यांची कृष्णविवरे जात्याच अवजड असतात, त्यामुळे नमुना एका बाजूला झुकतो.

मंद क्वासारांच्या या जोडीचा वर्णपटही वेबने घेतला. त्यांपैकी जे२२३६+००३२ च्या वर्णपटात हायड्रोजनच्या बामर शोषणरेषा, म्हणजे ताऱ्यांतील हायड्रोजनने ठरावीक रंगांचा प्रकाश गिळल्याच्या खुणा, आढळल्या. तारानिर्मितीचा मोठा भर ओसरून काही काळ लोटला की अशा रेषा ठळक होतात. विश्वाचे वय तेव्हा सुमारे ८६ कोटी वर्षे होते.