‘मस्ट हॅव गिव्हन अप’ की ‘हॅड टू गिव्ह अप’?

‘ही मस्ट गिव्ह अप स्मोकिंग’ म्हणजे त्यानं सिगारेट सोडलीच पाहिजे. आता हीच सक्ती गेल्या वर्षीची होती असं सांगायचं आहे. बरेच जण इथे ‘ही मस्ट हॅव गिव्हन अप स्मोकिंग लास्ट इयर’ असं लिहितात. वाक्य व्याकरणात चोख आहे, फक्त त्याचा अर्थ वेगळाच होतो: ‘त्यानं गेल्या वर्षी सिगारेट सोडली असणार.’ म्हणजे सक्ती सांगायला निघालो आणि अंदाज सांगून आलो. सक्तीसाठी हवं होतं ‘ही हॅड टू गिव्ह अप स्मोकिंग लास्ट इयर’, म्हणजे त्याला सिगारेट सोडावी लागली.

घोळाचं मूळ ‘मस्ट’मध्ये आहे. या एका शब्दात सक्ती आणि अंदाज हे दोन्ही अर्थ नांदतात आणि वर्तमानकाळात ते एकाच रूपात खपून जातात. भूतकाळात मात्र त्यांच्या वाटा फुटतात: अंदाज ‘मस्ट हॅव’कडे जातो, सक्ती ‘हॅड टू’कडे. गंमत म्हणजे ‘मस्ट’ हे रूप मुळात भूतकाळाचंच. जुन्या इंग्रजीत ‘मोटन’ असं क्रियापद होतं आणि ‘मोस्टे’ हा त्याचा भूतकाळ. पुढे तेच रूप वर्तमानकाळासाठी वापरात आलं आणि ‘मस्ट’ला स्वतःचा असा भूतकाळ उरला नाही.

मराठी माणसानं खरं तर इथे अडखळायला नको, कारण आपल्या ‘पाहिजे’चंही हेच आहे. ‘त्यानं सिगारेट सोडली पाहिजे’ ही सक्ती आणि ‘त्यानं सिगारेट सोडली असली पाहिजे’ हा अंदाज. मधल्या एका ‘असली’नं सगळा अर्थ फिरतो. इंग्रजीतला ‘हॅव’ तेच काम करतो. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मराठी वाक्य नीट ठरवून घ्यावं. क्रियापदाच्या शेपटाला ‘असणार’ किंवा ‘असली पाहिजे’ येत असेल तर ‘मस्ट हॅव’, ‘लागली’ येत असेल तर ‘हॅड टू’. ‘सोडायला हवी होती’ हे तिसरंच प्रकरण आहे. तिथे सिगारेट सुटलेलीच नाही आणि इंग्रजीत ‘शुड हॅव गिव्हन अप’ लागतं.

दोघांत आणखी एक मोठा फरक आहे. ‘हॅड टू गिव्ह अप’ म्हणणाऱ्याला घटना ठाऊक असते. सिगारेट सुटली आहे आणि का सुटली तेही तो सहसा सांगतो: डॉक्टरांनी तंबी दिली, पैसे पुरेनात. ‘मस्ट हॅव गिव्हन अप’ म्हणणाऱ्याला ती ठाऊक नसते, समोर फक्त खुणा असतात. टपरीपाशी आता तो थांबत नाही, खिशात काडेपेटी नाही, त्यावरून तो आज तर्क करतो.

आता रूपं. ‘मस्ट हॅव’नंतर तिसरं रूप येतं, ‘गिव्हन’. ‘मस्ट हॅव गेव्ह अप’ चूक. ‘हॅड टू’नंतर मूळ रूप, ‘गिव्ह’. ‘हॅड टू गेव्ह अप’ हीसुद्धा चूक, आणि ती फार होते, कारण भूतकाळ म्हटला की हात आपोआप ‘गेव्ह’कडे वळतो. भूतकाळ ‘हॅड’नं आधीच दाखवलेला असतो, तो दोनदा दाखवायचा नाही. दोन्ही साच्यांची खिचडी होऊन ‘मस्ट हॅड गिव्ह अप’ही कुठे कुठे दिसतं, पण असं काही इंग्रजीत नाही. बोलताना ‘मस्ट हॅव’चं ‘मस्टव्ह’ होतं आणि ते कानाला ‘मस्ट ऑफ’ असं वाटतं. तसं लिहिणारे खुद्द इंग्लंड-अमेरिकेतही सापडतात, तरी ती चूकच.

‘लास्ट इयर’वरून एक शंका हमखास निघते. ‘ही हॅज गिव्हन अप लास्ट इयर’ चालत नाही, मग ‘मस्ट हॅव’बरोबर ‘लास्ट इयर’ कसं चालतं? कारण ‘मस्ट’नंतरचा ‘हॅव’ नुसता भूतकाळ दाखवायला आलेला असतो. ‘येस्टरडे’, ‘इन 2019’ बिनधास्त जोडा.

‘अप’ची जागा दोन्हीकडे सारखीच. नाम असेल तर ‘गिव्ह अप हिज जॉब’ आणि ‘गिव्ह हिज जॉब अप’ दोन्ही बरोबर. सर्वनाम मात्र मधेच बसतं: ‘मस्ट हॅव गिव्हन इट अप’, ‘हॅड टू गिव्ह इट अप’. ‘गिव्ह अप इट’ नाही. आपण ‘सोडूनच दिली’ म्हणताना ‘च’ जसा मधे घुसवतो, तसंच हे. पुढे क्रिया आली तर ती आयएनजी लावून येते, ‘गिव्ह अप स्मोकिंग’. ‘गिव्ह अप टू स्मोक’ म्हटलं तर आता ओढायला मिळावी म्हणून दुसरं काहीतरी सोडलं, असा भलताच सूर लागतो.

नकारात तर दोघांची तोंडं पार विरुद्ध दिशेला. ‘सोडली नसणार’ याला ‘ही कान्ट हॅव गिव्हन इट अप’ (अमेरिकेत ‘मस्ट नॉट हॅव’ही ऐकू येतं). ‘सोडावी लागली नाही’ याला ‘ही डिडन्ट हॅव टू गिव्ह इट अप’. आणि सोडली खरी पण उगाचच सोडली, असं असेल तर ‘ही नीडन्ट हॅव गिव्हन इट अप’. ‘डिडन्ट हॅव टू’मध्ये त्यानं सोडली की नाही हे एकट्या वाक्यावरून पक्कं कळत नाही. ‘नीडन्ट हॅव’मध्ये ती सोडलेलीच असते. प्रश्न विचारताना ‘हॅड ही टू गिव्ह इट अप?’ जुनाट वाटतं. ‘डिड ही हॅव टू गिव्ह इट अप?’ म्हणावं.

तरीही अडलात तर मराठी वाक्यात ‘बहुधा’ आणि ‘नाइलाजानं’ हे दोन शब्द घालून बघा. ‘बहुधा’ बसला तर ‘मस्ट हॅव’, ‘नाइलाजानं’ बसला तर ‘हॅड टू’. दोन्ही बसले तर? तर वाक्य ‘बहुधा त्याला ती नाइलाजानं सोडावी लागली असणार’ असं आहे. इंग्रजीला तेही जमतं, दोन्ही साचे एकापुढे एक ठेवून: ‘ही मस्ट हॅव हॅड टू गिव्ह इट अप.’