ट्रॉलीवरचं रेडियम आणि खरं रेडियम

उसाचा हंगाम सुरू झाला, की सोलापूर-पंढरपूर रस्त्यावर रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. परवा मोहोळकडच्या मामेभावाचा फोन आला. "दादा, रेडियमनं कॅन्सर होतो म्हणं. ट्रॉलीवरचं काढून टाकू का? पोरं सारखी हात लावत्यात."

कुणीतरी मोबाईलवर पाठवलेलं त्यानं वाचलं होतं. त्यातली रेडियमची माहिती खरीच होती, पण त्याच्या ट्रॉलीवरच्या पट्टीला ती लागू नव्हती. मी म्हटलं, "पट्टीला धक्का लावू नको. तिच्यात रेडियमचा कणसुद्धा नाही."

आपल्याकडे नंबर प्लेटच्या दुकानात मिळतं ते 'रेडियम' म्हणजे चिकट प्लॅस्टिकची पट्टी. तिच्यात बारीक काचेचे मणी किंवा इवलेसे लोलक बसवलेले असतात. साध्या पट्टीचा तुकडा भिंगाखाली धरून बघा, रवा पसरल्यासारखे मणी दिसतात. ते आलेला प्रकाश इकडेतिकडे न फेकता जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. घरी करून बघण्यासारखं आहे: अंधारात टॉर्च डोळ्याजवळ धरून पट्टीवर मारा, ती लखकन पेटते. आता तोच टॉर्च दुसऱ्याच्या हातात देऊन त्याला चार पावलं बाजूला उभं करा. पट्टी तुमच्यापुरती जवळजवळ विझते. म्हणूनच मागून येणाऱ्या गाडीवाल्याला, त्याच्याच हेडलाइटच्या उजेडात, ती दिसते. दिवा बंद केला तर काहीच नाही. या पट्टीला स्वतःचा उजेड नाही.

खऱ्या रेडियमला कुणाच्या दिव्याची गरज नसते. मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये युरेनियमच्या खनिजातून ते शोधलं, आणि शुद्ध धातू हाती यायला १९१० उजाडलं. ते इतकं विरळ आहे, की खनिजातल्या टनभर युरेनियममागे रेडियम भरतं जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम. चांदीसारखा पांढरा धातू, हवेत लगेच काळा पडणारा. अणुक्रमांक ८८. त्याचे अणू आपोआप फुटत राहतात आणि त्यातून किरण बाहेर पडतात, म्हणजे ते किरणोत्सारी आहे. एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला सुमारे ३,७०० कोटी अणू फुटतात, तरीही रेडियम-२२६, म्हणजे रेडियमचा नेहमी सापडणारा प्रकार, निम्मा व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात. फुटल्यावर त्यातून रेडॉन हा वायू तयार होतो, तोही किरणोत्सारीच.

मग पट्टीला हे नाव कसं चिकटलं? रेडियम झिंक सल्फाइडमध्ये मिसळलं, की त्याच्या किरणांनी ती भुकटी हिरवट चमकते. एकेकाळी घड्याळाचे काटे आणि आकडे या रंगानं रंगवत. 'रेडियमचं घड्याळ' घरोघरी ठाऊक झालं, आणि पुढे अंधारात दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूला आपण रेडियम म्हणू लागलो, असं मला वाटतं.

त्या रंगाची किंमत मात्र कामगार मुलींनी मोजली. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात त्या ब्रशचं टोक ओठांनी टोकदार करत, दर वेळी थोडं रेडियम पोटात जाई. रेडियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमच्या घराण्यातलं, त्यामुळे शरीर त्याला हाडांत नेऊन बसवतं. जबडे झिजले, हाडं मोडली, काही जणी मेल्या. त्यांचा खटला १९२८ मध्ये तडजोडीनं मिटला. ही हकिगत वाचताना मला आजही राग येतो, कारण मुलींना कुणी सांगितलंच नव्हतं.

हाडांत जाण्याच्या याच गुणाचा आज उपचारासाठी उपयोग होतो. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला, तर काही रुग्णांना रेडियम-२२३ हा रेडियमचा दुसरा प्रकार शिरेतून देतात. ते ११ दिवसांत निम्मं होतं आणि त्याचे किरण फार लांब जात नाहीत. पूर्वी गाठीत रेडियमच्या सुया खुपसत, त्यांची जागा आता सिझियम, इरिडियम अशा मूलद्रव्यांनी घेतली आहे.

मुलांच्या खोलीत छताला लावतात त्या चांदण्यांचंही विचारतात लोक. त्या दिवसा उजेड शोषतात आणि रात्री थोडा वेळ परत देतात. त्यांतही रेडियम नसतं.

जपायचं ते दुसरीकडेच. आजोबांच्या ट्रंकेत १९६० च्या आधीचं, काटे चमकणारं परदेशी घड्याळ असेल, तर त्याची काच उघडू नका, आकडे खरवडू नका, पोरांना खेळायला देऊ नका. आता ते चमकत नसलं तरी बिनधोक समजू नका. झिंक सल्फाइड थकलेलं असतं, रेडियम नाही.

मामेभावाला शेवटी एवढंच सांगितलं, की मागची लाल पट्टी चिखलानं भरते, ती रोज फडक्यानं पुसत जा. तो म्हणाला, "पोरांनाच लावतो की कामाला."