विदर्भातल्या पुढाऱ्यांची भाषा: कीर्तनापासून ग्रामसभेपर्यंत

खरिपाच्या तोंडावर गावातल्या समाज मंदिरात होणाऱ्या बैठकांमध्ये हल्ली ‘हवामान बदल’, ‘कार्बन क्रेडिट’, ‘ई-पीक पाहणी’ असे शब्द ऐकू येतात. बोलणारा मनापासून बोलतो, ऐकणारे मान हलवतात. बैठक उठली की पारावर विषय निघतो तो दुबार पेरणीचा आणि कापसाच्या चुकाऱ्याचा, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांचा. उद्याची गोष्ट गावाच्या बोलीत कशी सांगायची, हा पेच विदर्भात शंभर वर्षांपासूनचा आहे. ज्यांना तो सुटला, त्यांनी लोकांना बदलायला सांगण्याआधी स्वतःचं बोलणं बदललं होतं, असं माझं मत आहे.

सुरुवात गाडगेबाबांपासून करावी लागते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या या माणसानं कीर्तनाचा जुना साचा घेतला आणि त्यात वेगळाच मजकूर भरला. एरवी कीर्तनकार निरूपण करतो आणि श्रोते ऐकतात. गाडगेबाबा वऱ्हाडीत समोरच्यालाच विचारायचे. कर्ज काढून सण कशाला, बोकड कापून नवस फिटतो का, पोराला शाळेत का घातलं नाही? उत्तर लोकांच्याच तोंडून निघायचं, आणि जे आपल्या तोंडून निघालं ते खोडून काढणं माणसाला जड जातं. शिवाय दिवसा हातातल्या खराट्यानं गाव झाडून झालेलं असायचं, त्यामुळे रात्रीच्या शब्दाला वजन यायचं.

तुकडोजी महाराजांचा प्रवास मला याहूनही मोठा वाटतो. जन्म १९०९ चा, यावलीचा. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. खंजिरी एकच, भजनं मात्र मराठी आणि हिंदी दोन्ही, कारण तेव्हाचा मध्य प्रांत-वऱ्हाड दोन भाषांचा होता. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ चळवळीत चिमूर आणि आष्टी ही गावं पेटली. त्या वातावरणात त्यांच्या भजनांना वेगळीच धार आली होती. त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात राहावं लागलं. पुढे स्वातंत्र्य आलं. लढ्याची भाषा वापरून टाळ्या मिळवणं तेव्हा सोपं होतं, अनेकांनी तेच केलं. महाराजांनी १९५५ मध्ये ग्रामगीता दिली. ४१ अध्याय, आणि छंद ओवीचा, म्हणजे बायांच्या जात्यावरचा आणि ज्ञानेश्वरीचा. त्या ओळखीच्या चालीत विषय आले ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, महिलोन्नती. परकीय सत्तेविरुद्ध उठवणारा आवाज तेरा वर्षांत संडास, सांडपाणी आणि सुनेच्या मानाबद्दल बोलू लागला, तरी ऐकणाऱ्याला तो परका वाटला नाही.

त्याच काळात पंजाबराव देशमुख दिल्लीत कृषिमंत्री होते. पापळ गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, वैदिक वाङ्मयावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट. त्यांचा भर शिक्षणसंस्था आणि संघटना उभारण्यावर राहिला: १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था, १९५५ मध्ये भारत कृषक समाज. मग पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक आले. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशींवरून १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि सभापती, गटविकास अधिकारी, ठराव हे शब्द घरोघरी गेले. संकरित ज्वारीही याच काळातली. पुस्तिकेत ‘संकरित’ छापलं जायचं, वावरात मात्र ‘हायब्रीड’ हाच शब्द रुजला.

१९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच विकत घ्यायचा, ही पद्धत सुरू झाली. संकलन केंद्रावर रात्र काढणाऱ्या बंड्या (बैलगाड्या), कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरचा शब्द आणि महिनोन्‌महिने अडकलेला चुकारा यांतून एक पिढी गेली. या पिढीशी शेतकरी संघटनेचे शरद जोशी बोलले ते हिशेबाच्या भाषेत. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ कोरडवाहू शेती केलेला हा माणूस उत्पादन खर्च मांडून दाखवायचा. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेनं कर्जमाफीसाठी हात जोडणाऱ्या शेतकऱ्याला ताठ उभं केलं. अर्थशास्त्र अवघड असतं ही समजूत त्या सभांनी मोडली. १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती आली. दाम मागणाऱ्यानं घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करून द्यावी, असं हे मागणं होतं. बाहेर मागायचं ते आधी घरात द्यायचं, हे सांगायला धारिष्ट लागतं.

त्यानंतरच्या काळात भाषा आखडली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. मदत गरजेचीच होती. पण ‘आत्महत्याग्रस्त’ आणि ‘लाभार्थी’ हे शब्द अंगाला चिकटले, आणि शेतकरी म्हणजे काही घेण्यासाठी रांगेत उभा असलेला माणूस, अशी बोलण्याची सवय सर्वच पक्षांना लागली. मला याचं आजही वाईट वाटतं.

वेगळी वाट गडचिरोलीतून निघाली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावात ऐंशीच्या दशकापासून अभ्यास गट बसू लागले. कायदा वाचायचा, गोंडीत त्यावर बोलायचं, आणि ग्रामसभेत सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय घ्यायचा नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गाव तयार होतं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू अडला. वन विभागाच्या लेखी तो झाड होता, आणि झाड तोडायचं तर विभागाच्या हातून. नव्या कायद्यानं मात्र बांबूला गौण वनोपजात, म्हणजे लाकडाखेरीजच्या जंगली उत्पन्नात, धरलं होतं. गावानं कायद्यातला हा शब्द धरून ठेवला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे २०१७ मध्ये वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतूनच बांबू वगळला गेला.

त्याच २०११ साली राज्यातल्या पंचायतींत बायांसाठी अर्ध्या जागा राखीव झाल्या. सरपंचबाईच्या खुर्चीशेजारी बसून नवऱ्यानं बोलायचं, हे अजून दिसतं. पण ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती सभा जिथं खरोखर भरते, तिथं ‘पाणीपुरवठा योजना’ हा शब्द फारसा येत नाही. नळ किती वाजता येतो आणि मधल्या मोहल्ल्यात का पोचत नाही, यावर बोलणं होतं, आणि ठरावही त्याच शब्दांत लिहिला जातो.