परदेशी नेमणूक व शहरांची राहणीयोग्यता

कर्मचाऱ्याला परदेशी शहरात काही महिने किंवा वर्षे कामावर धाडताना तेथील सुरक्षितता, दवाखाने, शाळा, हवा, घरे व वाहतूक यांची आकडेवारी पाहून त्याचा भत्ता, घर, विमा आणि कुटुंबाची सोय ठरवण्याची पद्धत. बोलण्यात अशा नेमणुकीला ‘परदेशी पोस्टिंग’ किंवा ‘ऑनसाइट’ म्हणतात.

उगम. याविषयी दोन मते संभवतात. पहिले मत शहरांच्या गुणांकनाकडे बोट दाखवते. मेंकन व अँगॉफ या अमेरिकी पत्रकारांनी १९३१ मध्ये अमेरिकेतील राज्यांची प्रतवारी लावली. पुढे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९३९ मध्ये तेथील ३१० शहरांना ३७ बाबींवर गुण दिले. दुसरे मत गैरसोयीच्या भत्त्यापासून सुरुवात धरते. ते अधिक ग्राह्य वाटते, कारण थॉर्नडाइक यांच्या गुणांवर कोणाचा पगार ठरत नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात मोहिमेवरील अधिकाऱ्यांना जादा ‘बत्ता’ मिळे. क्लाइव्हने १७६६ मध्ये बंगालमधील दुहेरी बत्ता बंद केला, तेव्हा मुंगेर व इतर ठाण्यांवरील गोऱ्या अधिकाऱ्यांनी एकजुटीने राजीनामे देण्याची तयारी केली.

‘बत्ता’ या शब्दाची व्युत्पत्तीही वादाची आहे. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशानुसार इंग्रजी ‘बत्ता’त दोन निराळे शब्द मिसळले आहेत : नाणी बदलून घेताना कापला जाणारा बट्टा, आणि शिध्यापोटी मिळणारा भत्ता. पैकी दुसऱ्याचा संबंध कन्नड ‘भत्त’ म्हणजे साळ या शब्दाशी जोडला जातो. पन्हाळा-शाहूवाडीकडील शेतकऱ्याला हे पटायला जड जाऊ नये. शिवारातले उभे पीक आणि ताटातले अन्न या दोन्हींना तो भातच म्हणतो.

गुणांकन. ब्रिटिश ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाच्या समूहातील संशोधन संस्था इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट हिची यादी अलीकडे १७३ शहरांची असते. स्थैर्य २५, आरोग्यसेवा २०, संस्कृती व पर्यावरण २५, शिक्षण १० आणि पायाभूत सुविधा २० टक्के असे तिचे भारांक आहेत. भत्त्याची शिफारस याच गुणांवर चालते : ८० च्या वर गुण असलेल्या शहरासाठी काही नाही, ७० ते ८० ला पगाराच्या ५ टक्के, ६० ते ७० ला १०, ५० ते ६० ला १५ आणि त्याखाली २० टक्के. मर्सर ही सल्लागार संस्था न्यूयॉर्कला १०० धरून ३९ घटक मोजते. संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत ठाण्यांची ‘एच’ (मुख्यालये व तत्सम सोयीची ठाणी) आणि ‘ए’ ते ‘ई’ (चढत्या गैरसोयीची) अशी वर्गवारी आहे.

उपयोग. एकूण गुण पगारपत्रकाला पुरतात, घरच्यांना पुरत नाहीत. व्हिएन्ना २०२२ ते २०२४ अशी तीन वर्षे इकॉनॉमिस्टच्या यादीत अव्वल होते. पण कागलच्या वसाहतीतील अभियंत्याच्या सहावीतल्या मुलीसाठी तिथल्या शाळा जर्मनमध्ये शिकवतात ही बाब क्रमांकाहून मोठी आहे. आपले शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होते, व्हिएन्नातले सप्टेंबरमध्ये, टोकियोतले एप्रिलमध्ये आणि मेलबर्नचे जानेवारीअखेरीस. जायची तारीख या दिनदर्शिकेवरून ठरवली तर मुलीचे वर्ष वाचते. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर पर्यावरणाचे एकत्रित गुण बाजूला ठेवून हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे महिनावार आकडे मागावेत.

कोल्हापूर. उलट दिशेची नेमणूकही विचारात घ्यावी लागते. शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले येथील फौंड्रीत परदेशी तंत्रज्ञ यंत्र बसवायला आला, तर त्याच्या कंपनीला या याद्यांत कोल्हापूर सापडत नाही. मर्सरच्या यादीतील सर्वांत जवळचे शहर पुणे. २०१९ मध्ये ते हैदराबादसह १४३ व्या स्थानी होते. सुमारे २३० किलोमीटरवरच्या शहराचे गुण इथे लावणे बरोबर नाही. हवेपुरता एक धागा हाती लागतो : हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांसाठीच्या २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूरचा समावेश आहे.

पावसाळ्यात कोल्हापूरकर ज्या आकड्यावर लक्ष ठेवून असतो तो मात्र रोज जाहीर होतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी चढू लागले की सुतारवाड्यातली कुटुंबे आधी हलवली जातात. २०१९ व २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. २०१९ मध्ये नागाळा पार्क व रमणमळ्यातही पाणी शिरले, आणि पाहुण्यासाठी बंगला शोधणारा बहुधा याच भागात आधी जातो. भाडेकरार करण्यापूर्वी पूररेषेचा नकाशा पाहावा, आणि त्या वर्षी जोत्यापासून पाणी किती वर आले होते हे शेजारी विचारून घ्यावे. बहुतेक घरांत ती उंची हात भिंतीला लावून दाखवतात.