वाकळ कुणासाठी शिवायची? सातारा-सांगलीकडच्या मुक्कामाची पार्श्वभूमी

आमच्याकडं तिला गोधडी कुणी म्हणत नाही, वाकळ म्हणतात. साताऱ्यात, सांगलीत, खाली कोल्हापूरपर्यंत वाकळच. पुण्याच्या पुढं गेलं की तीच गोधडी होते आणि विजापूर-बेळगावकडं सरकलं की कन्नडमधली कौदी. सध्या बऱ्याच जणी छंद म्हणून हे काम परत हातात घ्यायला लागल्यात, मी पण दोन वर्षं झाली शिवतेय, आणि दरवेळी कुणीतरी विचारतंच की हे आलं कुठनं आणि मधे बंद का पडलं. बंद का पडलं याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ब्लँकेटं स्वस्त झाली. ते अर्धं खरं आहे. मला वाटतं वाकळ घरच्यांसाठी कमी आणि येणाऱ्या माणसांसाठी जास्त शिवली जायची, आणि माणसं मुक्कामाला यायची थांबली तशी वाकळही थांबली.

आधी जुनं थोडं सांगते. फाटक्या कापडाचे तुकडे जोडून पांघरायची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. बौद्ध भिक्खू टाकून दिलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, शिवून चीवर करायचे, आणि त्या चीवराचे चौकोन मगधातल्या बांध घातलेल्या भातशेतासारखे असावेत असं बुद्धांनी आनंदाला सांगितलं, ही गोष्ट विनयपिटकात आहे. आपल्या कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, तिथं पावसाळ्यात मुक्कामाला राहणारे भिक्खू असलंच जोडकापड अंगावर घेऊन बसले असणार. संस्कृतात याला कंथा म्हणतात. बंगालात कांथा, बिहारमध्ये सुजनी, कच्छ-सिंधमध्ये राली, सगळी एकाच घरातली भावंडं. आणि आपल्याकडं गाडगेबाबा अंगावर चिंध्या जोडलेलं पांघरूण घेऊन गावोगाव फिरायचे म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणायचे.

एक घोळ मात्र नेहमी होतो. घोंगडी वेगळी, ती मेंढीच्या लोकरीची, माण-खटावकडच्या धनगरांच्या खांद्यावरची. रजई किंवा दुलई वेगळी, त्यात कापूस असतो, पिंजारी तो पिंजून द्यायचे आणि पिंजणाचा तो टणटण आवाज गल्लीच्या टोकापासनं ऐकू यायचा. वाकळीत कापूस नाही, लोकर नाही, काहीच भरत नाहीत. कापडावर कापड, त्यावर कापड, आणि ते हलू नये म्हणून सगळीकडनं धावदोरा. थरांच्या मधे हवा अडकते तीच ऊब.

आता कापड कुठनं यायचं ते बघा. नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. ते आधी बसायच्या जागी विरतं. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन टोकं जोडायची, त्याला दंड घालणं म्हणतात, दंड घातलेलं लुगडं आणखी वर्ष-दोन वर्षं निघायचं. मग ते घरात नेसायला, मग त्याचे धडपे, बाळाची दुपटी, आणि उरलेलं वाकळीला. वाकळ जुनी झाली की ती पण फेकायची नाही, ती नव्या वाकळीच्या पोटात घालायची. माझ्याकडं आज्जीची एक वाकळ आहे, एका कोपऱ्यात उसवली म्हणून मी आत बघितलं तर खाली दुसरी वाकळ निघाली, आणि तिच्या फाटक्यातनं तिसरीचा लाल इरकली काठ दिसत होता. वजनकाट्यावर टाकली, साडेचार किलो भरली.

शिवायचं काम थंडीत नाही, उन्हाळ्यात. सुगी संपली, ज्वारी घरात आली, की मग बायकांना दुपार मोकळी मिळायची. अंगण सारवून घ्यायचं, खाली एक अख्खं लुगडं ताणून अंथरायचं, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, दोन धोंडे. त्याच्यावर जुनी धोतरं, सदरे उसवून केलेले तुकडे, चिंध्या, कुठं फुगवटा राहू नये म्हणून हातानं दाबत दाबत. वरनं दुसरं लुगडं, जरा चांगल्या रंगाचं. मग चार बाजूंना चार जणी बसायच्या आणि कडेकडेनं आत आत यायच्या, बोटभर लांब सुई, चार पदरी दोरा, टाका गव्हाच्या दाण्याएवढा. आज्जी म्हणायची टाका बघून बाई ओळखते. शेजारणीचा टाका लांब पडला की आज्जी रात्री झोपायच्या आधी तेवढा उसवून परत घालायची, आणि सकाळी कुणाला बोलायची नाही.

घरात माणसं नऊ आणि वाकळी मात्र तेवीस-चोवीस. वलणीवर घडी घालून रचलेली ती चळत मी लहानपणी मोजायचे. तेव्हा कळत नव्हतं इतक्या कशाला. त्या थंडीतल्या पाहुण्यांच्या होत्या.

आपल्याकडचं थंडीतलं फिरणं हे थंड हवा खायला जाणं नव्हतं. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला दव गोठतं ते बघायला जायची हौस अलीकडची. जुनं फिरणं म्हणजे यात्रा आणि पाहुणे. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालीच्या खंडोबाचं लग्न, औंधच्या यमाईची यात्रा, मांढरदेवला काळूबाईची पौष पौर्णिमा, आटपाडीकडं खरसुंडीला जनावरांचा बाजार. सगळं थंडीतच का, तर खरीप निघालेलं असायचं, शाळू अजून रानात, रस्ते वाळलेले, ओढ्यांना पाणी कमी, बैल गाडीला जुंपायला मोकळे. शिवाय पौषात लग्नं धरत नाहीत. म्हणजे लग्नाच्या गडबडीच्या आधी लेकीबाळींना, आत्या-मावश्यांना भेटायचा हाच महिना, आणि मधेच भोगी-संक्रांत. बैलगाडीनं वीस-पंचवीस किलोमीटर आलेला माणूस त्याच रात्री परत जात नाही. दोन रात्री, तीन रात्री राहतो. आणि माण-खटावात पौषातल्या कोरड्या थंडीत उघड्या सोप्यात झोपायचं तर खाली एक आणि अंगावर दोन वाकळी लागतात. एक पाहुणा तीन वाकळी, असा हिशोब होता आमच्याकडं. ज्या घरात वाकळी जास्त तिथं पाहुणा हक्कानं उतरायचा, आणि ज्या घरात नसायच्या ती बाई संध्याकाळी हळूच मागच्या दारानं शेजारणीकडनं घेऊन जायची. उसन्या आणलेल्या वाकळी परत देताना ऊन दाखवूनच द्यायच्या, हा नियम मी अजून पाळते.

पाहुणे पण एकाच तालुक्यातले नसायचे. सातारा-सांगलीचा बराचसा मुलूख आधी एकच होता, १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली जिल्हा पडलं, पण सोयरिकी आधीच्याच. आमची एक आत्या सांगलीत गावभागात दिली होती, आज्जीचं माहेर पाटणकडं.

या मुक्कामाला दुसरं मोठं कारण म्हणजे मुंबई. साताऱ्याची माणसं गिरणीत आणि माथाडीत किती गेली ते सांगायला नको, घराआड एक तरी गेलाय. गडी निघाला की त्याच्याबरोबर वळकटी निघायची, आत वाकळ. गिरणगावात एका गावाच्या लोकांनी मिळून खोली घेतलेली असायची, पाळीपाळीनं झोपायचे, एकजण उठून रात्रपाळीला गेला की दुसरा त्याच जागेवर अंग टाकायचा. म्हणजे घरातलं कुणाचं लुगडं कुठल्या परक्याच्या अंगाखाली गेलं असेल सांगता येत नाही. यायचं-जायचं रेल्वेनं, आणि १९७१ ला पुणे-मिरज-कोल्हापूर लाइन ब्रॉडगेज झाली तोपर्यंत पुण्यात गाडी बदलायला लागायची, मोठ्या गाडीतनं उतरून मीटरगेजच्या डब्यात, डोक्यावर वळकटी, हातात ट्रंक. थंडीत त्या डब्यात वळकटी सोडून बसायचे असं चुलते सांगायचे. एवढा खटाटोप करून आलेला माणूस पंधरा दिवस तरी राहणारच.

दोन थंड्या आमच्या घरात नेहमी सांगितल्या जायच्या. पहिली कोयनेच्या भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या सुमाराला. आज्जी तेव्हा माहेरी, पाटण तालुक्यात होती. ती सांगायची की सगळे नुसते बाहेर पळाले आणि मग कुडकुडत उभे, घरात परत जायची कुणाची छाती होत नव्हती आणि सगळ्या वाकळी आत. शेवटी तिचा धाकटा भाऊ आत गेला आणि दारातनं एकेक वाकळ बाहेर फेकत राहिला. नंतर कितीतरी रात्री गाव खळ्यावर झोपलं, धक्के बसतच होते, वाकळी काठीला बांधून आडोसा केला होता. त्यातली एक वाकळ ती परत येताना घेऊन आली आणि कधी धुवायला पण दुसऱ्या कुणाकडं दिली नाही.

दुसरी संपाची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार. सुरुवातीला गावाला आलेले चुलते, त्यांच्या खोलीतले आणखी दोघं, सगळे पाहुण्यासारखेच आले होते. संप मिटेल मग जाऊ. पुढची थंडी आली तरी ते इथंच. वलणी रिकामी झाली, सगळ्या वाकळी जमिनीवर. पाहुण्यांच्या वाकळी घरच्यांच्या झाल्या त्या वर्षी, आणि त्यानंतर आज्जीनं नव्या फारशा शिवल्याच नाहीत. चुलते परत गिरणीत गेले नाहीत.

मग कापडच बदललं. नऊवारीची सहावारी झाली आणि सुती जाऊन नायलॉन, पॉलिस्टर आलं. ही साडी लवकर विरत नाही, आणि विरली तरी वाकळीला चालत नाही, थर एकमेकांवरनं घसरतात, घाम शोषत नाही, अंगाला लागलं की गार लागतं. मी सुरुवातीला आईच्या जुन्या सिंथेटिक साड्यांची एक केली होती, रात्रीत ती पायाकडं घसरून जाते, धरूनच झोपावं लागतं. तोपर्यंत सोलापुरी चादरी होत्याच, मग पानिपतची ब्लँकेटं आली, आठवडी बाजारात ढीग.

पण मला विचाराल तर खरा फरक रस्त्यानं केला. एसटी १९४८ ला सुरू झाली आणि हळूहळू गावात मुक्कामी गाडी यायला लागली, रात्री येणार, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपणार, पहाटे निघणार. त्या दोघांना आमच्या घरातनं वाकळी जायच्या, वडील स्वतः नेऊन द्यायचे, म्हणजे एसटीनं मुक्काम लगेच मोडला नाही, उलट वाढवला. मोडला तो नंतर, घरोघरी मोटरसायकली झाल्यावर, आणि दोन हजारच्या पुढं पुणे-सातारा-कोल्हापूर हायवे चौपदरी झाल्यावर. आता मुंबईचा माणूस सकाळी निघतो, दुपारी यात्रेत मटण खातो, पाच वाजता म्हणतो निघू, घाटात ट्रॅफिक लागेल. दोष कुणाचा नाही. पण जेवायला लागतं ताट, झोपायला लागते वाकळ, आणि ताटं तेवढी उरली.

शेवटचा घाव पाण्यानं घातला. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आत्याच्या घरात माळ्याच्या फळीपर्यंत होतं. ओसरल्यावर आम्ही साफसफाईला गेलो. भिजलेली वाकळ दोघांना उचलत नव्हती, आत गाळ बसलेला, पिळली तरी वास जाईना, आणि ऊन नाही. अकरा वाकळी रस्त्यावर टाकल्या, सगळ्या गल्लीत दारापुढं तेच ढीग. आत्या दारात बसून प्रत्येक वाकळीतलं लुगडं कुणाचं ते सांगत होती आणि आम्ही ती ट्रॉलीत टाकत होतो.

त्याच वर्षी तिनं मला सुई धरायला लावली असती पण मी तेव्हा वेळ नाही म्हणाले. दोन वर्षांपूर्वी बसले. ती आता ऐंशीच्या पुढं आहे, डोळ्याला दिसत नाही, बोट फिरवून टाका तपासते. सुती साड्या मी ओळखीपाळखीतनं मागून जमवते, धुऊन, आधी उन्हात घालून.

आमच्या घरात वाकळ पुरी करायच्या आधी शेवटची वीतभर कड उघडी ठेवतात आणि आत भाकरीचा तुकडा घालतात, वाकळीचं पोट उपाशी ठेवू नये म्हणून. गेल्या महिन्यात माझी चौथी तिथपर्यंत आली तेव्हा आत्याला फोन केला. ती म्हणाली, थंडीची आहे तर बाजरीची घाल, आणि तव्यावर चांगली कडक कर, नाहीतर बुरशी धरेल. तशीच केली, तुकडा सरकवला, टाके घातले, उन्हात टाकून घडी केली. संक्रांतीला मुंबईहून चुलत भाऊ आणि पोरं येणार आहेत. दोन रात्री राहतो म्हणालाय.